घरातील लाकडाची कुज व कीड : ओळख आणि उपाय

लाकूड जुने झाले म्हणजे आपोआप कुजते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती बरोबर नाही. एखाद्या जुन्या वाड्यातील मधल्या सोप्याची तुळई शंभर-दीडशे वर्षांनंतरही पटाशीला दाद देत नाही आणि त्याच वाड्याच्या न्हाणीची चौकट खालच्या वीतभर भागात भुगा होऊन पडते. दोन्ही लाकडे एकाच वेळी, कदाचित एकाच झाडातून काढलेली असतात. न्हाणीच्या चौकटीला रोज पाणी लागते, तुळईला ते लागत नाही, एवढेच अंतर. तेव्हा लाकूड बिघडल्याचे दिसताच औषधाचा डबा शोधण्यापूर्वी ओल कोठून येते ते शोधावे, आणि बिघाड कुजेचा, वाळवीचा की भुंगेऱ्याचा हे ठरवावे. तिघांचे उपाय वेगवेगळे आहेत. एकाचा उपाय दुसऱ्यावर केल्यास पैसा जातो आणि मूळ रोग तसाच वाढत राहतो.

बारामतीहून फलटणकडे जाताना लागणाऱ्या सांगवीसारख्या नीरेकाठच्या गावात या गोष्टीला विशेष महत्त्व आहे. बारामती व इंदापूर हे तालुके पर्जन्यछायेतील. वर्षाचा पाऊस सरासरी ५०० मिलिमीटरच्या आसपास, आणि त्यातलाही मोठा भाग परतीच्या पावसाचा, भाद्रपद-आश्विनात पडणारा. अशा कोरड्या हवेला योग्य अशीच घरे येथे पूर्वी बांधली गेली : दगडामातीच्या रुंद भिंती, लाकडी खण, वर कडीपाट किंवा किलचा आणि त्यावर मातीचे जाड माळवद. १८८५ च्या सुमारास नीरा डावा कालवा वाहू लागला, पुढे ऊस आला, विहिरींना पाणी वाढले. जमिनीतील पाण्याची पातळी ज्या भागात वर आली तेथे भिंतींच्या तळाला लोणा धरू लागला. त्यानंतर घरात नळ आले, न्हाणीघर आत आले. घराचा सांगाडा मात्र कोरड्या मुलखाचाच राहिला. ‘आमच्याकडे पाऊस कुठे एवढा, लाकूड कशाने कुजेल ?’ हा प्रश्न कालव्याच्या पट्ट्यात म्हणूनच गैरलागू आहे. येथे ओल आभाळातून कमी आणि खालून व आतून अधिक येते.

माळवदाचे ओझे

हा विषय केवळ लाकूड वाचविण्याचा नाही. माळवदाचा एक खण पाच फूट रुंद व दहा फूट लांब धरला आणि वरचा मातीचा थर एक फूट जाडीचा धरला, तर पन्नास घनफूट माती होते. कोरड्या दाबलेल्या मातीचे वजन घनफुटाला सुमारे ४५ किलो. म्हणजे एका खणावर बावीस क्विंटलांहून अधिक ओझे झाले, आणि हे कोरड्या मातीचे. दरसाल पावसाळ्यापूर्वी वर नवी माती घालण्याची चाल आहे. जुनी खरवडून काढल्याशिवाय नवी घातली तर दहा वर्षांत थर किती वाढतो, याचा हिशेब प्रत्येकाने आपल्या घरी करावा. परतीच्या पावसाची झड लागली की हीच माती पाणी पिते. त्या खाली माणसे निजलेली असतात.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसे दगावली, ती मुख्यतः दगडमातीच्या भिंती व जड माळवदे अंगावर आल्याने. त्याच भागात पुढे पाहणी करणाऱ्यांना असेही आढळले की, अनेक घरांच्या भिंती ढासळल्या तरी खांब-तुळयांचा लाकडी सांगाडा उभा राहिला. सांगाडा शाबूत असेल तर तो घरातील माणसांना वेळ देतो. परंतु खांबाचा पाया किंवा तुळईचे भिंतीतील टोक कुजलेले असेल, तर हा आधार केवळ दिसण्यापुरता उरतो. त्यासाठी भूकंपच व्हावा लागतो असेही नाही. तीन दिवसांची झड पुरते.

पाहणी कशी करावी

ग्रामस्तरीय कार्यकर्त्याने पाहणीस जाताना एक दाभण, एक लहान हातोडी, विजेरी आणि खडू एवढे साहित्य घ्यावे. सुतार बरोबर असल्यास उत्तमच. पाहणी मृग नक्षत्रापूर्वी, वैशाखात करावी आणि दुसरी पाऊस संपल्यावर, दिवाळीच्या सुमारास करावी. पहिल्या वेळी डागडुजीला सवड मिळते, दुसऱ्या वेळी ओल कोठे मुरली ते ताजे दिसते.

प्रथम घराबाहेरून एक फेरी मारावी. पन्हाळीचे पाणी भिंतीपासून दूर पडते की भिंतीवरून ओघळते ? भिंतीला लागून सरपण, तुऱ्हाट्या, गोवऱ्या किंवा उसाचे पाचट रचले आहे काय ? जोत्याशी मातीचा भराव वाढून चौकटीच्या उंबरठ्यापर्यंत आला आहे काय ? न्हाणीचे पाणी कोणीकडे जाते ? या चार प्रश्नांच्या उत्तरांतच बहुतेक वेळा निम्मे निदान होऊन जाते.

मग आत यावे. खांबाच्या तळापासून आरंभ करावा. हातोडीने हलके ठोकत वर जावे. निकोप लाकूड टणक, घुमणारा आवाज देते. पोखरलेले किंवा कुजलेले लाकूड बसका, भद्द आवाज देते. जेथे आवाज बदलतो तेथे दाभणाचे टोक लाकडाच्या रेषांना आडवे खुपसून वर उचकावे. चांगल्या लाकडाची लांब, चिवट ढलपी कुरकुरत निघते. कुजलेल्या लाकडाचा तुकडा आवाज न करता आखूड तुटतो. दाभण सहजासहजी अर्धा-पाऊण इंच आत गेले, तर तेथे खडूने खूण करावी. तैलरंग दिलेल्या लाकडास हा प्रयोग अवश्य करावा. रंगाचा पातळ पापुद्रा वर चकाकत असतो आणि आत काहीच उरलेले नसते, असे न्हाणीच्या व स्वयंपाकघराच्या चौकटींत वारंवार दिसते.

सर्वांत अवघड जागा तुळईच्या टोकाची. ते भिंतीत गाडलेले असते, वरून माळवदाचे पाणी भिंतीत उतरते आणि वाऱ्याचा स्पर्श नसतो. तेथील गिलावा वीतभर काढून पाहण्यास घरमालक सहसा नाखूष असतात. त्यांची समजूत घालावी. निदान जेथे भिंतीवर पावसाळ्यातील ओघळाचा डाग तुळईच्या टोकाशी आलेला आहे, किंवा जेथे तुळई भिंतीशी किंचित खाली बसून कडीपाटात फट पडली आहे, तेथे तरी टोक उघडून पाहिल्यावाचून पाहणी पुरी झाली असे समजू नये. उघडताना खाली टेकू अवश्य लावावा.

कुज

कुज हे बुरशीचे काम आहे. बुरशीला लाकूड हे अन्न, परंतु ते खाण्यासाठी तिला पाणी लागते. लाकडातील ओलावा त्याच्या कोरड्या वजनाच्या २० टक्क्यांहून कमी असेल तर कुज वाढत नाही. ती जोमाने वाढण्यास सुमारे ३० टक्के ओलावा लागतो. आपल्याकडील उन्हाळ्यात घरातील सुके लाकूड या मर्यादेच्या पुष्कळच खाली असते. म्हणूनच ओल तोडणे हा कुजेवरील पहिला व खरा उपाय ठरतो. ओलावा किती ते अदमासाने मोजता येते. संशयित जागेतून आतल्या लाकडाच्या ढलप्या काढून लगेच सोनाराच्या काट्यावर वजन करावे, नंतर वजन घटायचे थांबेपर्यंत त्या शाळेच्या प्रयोगशाळेतील भट्टीत वाळवून पुन्हा वजन करावे. ६० ग्रॅमच्या ढलप्या वाळून ५० ग्रॅम झाल्या, तर दहा ग्रॅम पाणी पन्नास ग्रॅम लाकडात होते, म्हणजे ओलावा २० टक्के. नुसत्या उन्हात वाळविल्यास सगळे पाणी जात नाही, तेव्हा आलेला आकडा खऱ्याहून कमी आहे असे धरावे.

कुजेचे दोन प्रकार डोळ्यांनी ओळखता येतात. एकीत लाकूड तपकिरी होऊन उभ्या-आडव्या चिरांनी त्याचे चौकोनी तुकडे पडतात आणि बोटांनी चुरडल्यास तपकिरी पूड होते. दुसरीत लाकूड फिकट, मऊ व काथ्यासारखे तंतुमय होते. पहिली अधिक धोक्याची. तिच्यात लाकडाच्या वजनात दहा टक्के घट होण्याच्या आतच त्याचे बळ निम्म्याहून कमी होऊ शकते. म्हणजे डोळ्यांना बिघाड जेमतेम दिसू लागतो, तेव्हा तुळई आपले काम सोडून बसलेली असते. इंग्रजी पुस्तकांत ‘कोरडी कुज’ म्हणून एका भयंकर बुरशीचे वर्णन येते. ती थंड प्रदेशातील आहे. आपल्या उन्हात तिची भीती बाळगण्याचे कारण नाही, व तिच्यावरील जालीम उपायांचे अनुकरणही करू नये.

उपाय क्रमाने करावा. आधी पाणी थांबवावे : पन्हाळ लांब करावी, माळवदाला उतार द्यावा, जुनी माती काढून थर हलका करावा, न्हाणीचे पाणी नालीने दूर न्यावे. नंतर टेकू द्यावा. मग कुजलेला भाग आणि त्यापुढील सुमारे एक फूट चांगला वाटणारा भाग कापून टाकावा. खांबाचा तळ गेला असेल तर तेवढा तुकडा कापून दगडी उथळा उंच करावा, अथवा पक्क्या लाकडाचा सांधा द्यावा. तुळईचे नवे टोक भिंतीत बसविताना खाली सपाट दगड ठेवावा, दगड व लाकूड यांच्यामध्ये डांबरी कागद घालावा आणि टोकाच्या तिन्ही बाजूंना बोटभर मोकळी जागा सोडावी. लाकूड भिंतीत चुन्या-मातीने घट्ट चिणून टाकण्याची रीत मजबुतीची वाटते. वस्तुतः तिनेच टोके कुजतात.

येथे अलीकडच्या दोन चालींविषयी लिहिणे अगत्याचे आहे. मातीच्या भिंतीला बाहेरून सिमेंटचा गिलावा केल्यास लोण्याची ओल बाहेर पडू न शकता वर चढते आणि चौकटी व तुळयांपर्यंत पोचते. मातीच्या भिंतीला मातीचा किंवा चुन्याचाच गिलावा ठेवावा. दुसरी चाल माळवदावर प्लास्टिकचा कागद पसरून वर माती घालण्याची. कागद फाटलेला नसेल तोवर पाणी अडते, हे खरे. पण त्याला एक भोक पडले की आत गेलेले पाणी पुन्हा सुकत नाही, आणि गळतीचा डाग दिसण्याच्या आधीच किलचा सडू लागतात. कागद घातलाच असेल तर दरवर्षी एका कोपऱ्यात माती दूर करून खालची किलच दाभणाने तपासावी.

वाळवी

वाळवी जमिनीत राहते आणि लाकडापर्यंत चालत येते. तिचे शरीर मऊ असल्यामुळे उघड्या हवेत ती लवकर वाळून मरते. म्हणून भिंतीवरून, खांबावरून मातीची नळी बांधीत ती आडोशाने प्रवास करते. ही नळी हीच तिची ओळख. पहिल्या पावसानंतर संध्याकाळी दिव्याभोवती पंख फुटलेली वाळवी जमते व सकाळी पंखांचा खच पडतो, तो घराच्या आतील फटीतूनच निघालेला असेल तर वाळवीचे ठाणे पायाखाली आहे असे समजावे. तिने खाल्लेल्या लाकडात आत माती भरलेली सापडते. भुंगेऱ्याच्या लाकडात माती नसते, पीठ असते. (कोकण किनाऱ्याच्या दमट हवेत जमिनीशी संबंध न ठेवता लाकडातच राहणारी वाळवी आढळते. ती खसखशीसारखे कोरडे दाणे टाकते. आपल्या भागात तिचा प्रश्न सहसा येत नाही.)

नळी दिसताच ती पुसून टाकण्याची घाई करू नये. मध्यभागी बोटभर तोडावी व चार दिवसांनी पाहावे. तुटलेला भाग ओल्या मातीने सांधला गेला असेल तर वाळवी नांदती आहे. नसेल तर ती वाट सोडलेली आहे. या साध्या परीक्षेने पुष्कळ औषध वाचते.

सरपण, गोवऱ्या आणि पाचट भिंतीपासून दूर, दगडावर उंच रचावे. हा बिनखर्चाचा उपाय असूनही सर्वांत कमी पाळला जातो. त्यानंतर जमिनीला औषध द्यावे. लाकडावर वरून मारलेले औषध जमिनीतल्या ठाण्यापर्यंत जात नाही. बाहेरच्या बाजूस जोत्यालगत उथळ चर खणून त्यात, व आत भिंत आणि फरशी यांच्या सांध्यात एकेक फुटावर बोटाएवढी भोके पाडून त्यांत औषधाचे पाणी ओतावे. पूर्वी या कामासाठी आल्ड्रिन, डील्ड्रिन, क्लोरडेन, बी. एच. सी. यांची शिफारस होत असे. ही सर्व औषधे आता भारतात बंदी घातलेली आहेत. जुन्या पुस्तकांतून किंवा घरातील जुन्या डब्यांतून ती वापरू नयेत. आज इमिडाक्लोप्रिड ३०.५ टक्के (एस. सी.) हे औषध इमारतीतील वाळवीसाठी मिळते. त्याचे प्रमाण एक लिटर पाण्यास २.१ मिलिलिटर आहे. दुकानातून शेतीच्या फवारणीची दुसरी बाटली हाती पडू नये म्हणून लेबलावर इमारतीतील वाळवीचा उल्लेख आहे याची खात्री करावी आणि तेथे दिलेले प्रमाणच पाळावे. विहीर, आड, पाण्याची टाकी यांच्याजवळ हे काम करू नये. हातमोजे व तोंडाला कापड बांधावे, भोके सिमेंटने बुजवावीत आणि औषध मिसळलेले भांडे पुन्हा घरात घेऊ नये.

भुंगेरे

खाटेखाली किंवा वाशाखाली पिवळसर पीठ पडू लागले की भुंगेरा लागला म्हणून ओळखावे. येथे मादी लाकडाच्या छिद्रांत अंडी घालते, अळी आतून पोखरते आणि पूर्ण वाढ झालेला भुंगेरा भोक पाडून बाहेर पडतो. म्हणजे भोक दिसते ते कीड गेल्याचे. राहिलेली कीड दिसत नाही. टाचणीच्या डोक्याएवढी भोके व मैद्यासारखे मऊ पीठ असेल तर ते लहान भुंगेऱ्याचे काम होय. तो कडेच्या पांढऱ्या लाकडातील पिष्टावर जगतो, काळसर गाभा त्याला चालत नाही. बाभळीचे पांढरे लाकूड व बांबू हे त्याचे आवडते खाद्य. जुन्या सागवानी तुळईला त्याच्यापासून भय नाही. मोठी, लांबट भोके व आतून करकर असा आवाज असेल तर तो लांब मिशांचा मोठा भुंगेरा. त्याची अळी सुक्या लाकडात वर्षानुवर्षे राहते, व घर बांधून बऱ्याच काळाने तो बाहेर निघालेला पाहून लोक नवल करतात. वळचणीच्या वाशांत बोट जाईल एवढे गोल भोक पाडणारा काळा भुंगा निराळा. तो लाकूड खात नाही, केवळ घरटे करतो. हिवाळ्यात भोक रिकामे आहेसे पाहून ते बुजविले म्हणजे पुरे.

भुंगेरा जिवंत आहे की गेला हे पाहण्यास भोकांखालचे पीठ झाडून काळा कागद पसरावा. आठ-पंधरा दिवसांत नवे पीठ पडले तरच उपचार करावा. लहान वस्तू मे महिन्याच्या उन्हात काळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवण्याने फायदा होतो. परंतु लाकडाच्या गाभ्याचे तापमान ५६ अंश सेल्सिअसपर्यंत जाऊन ते अर्धा तास टिकले पाहिजे. परदेशी जाणाऱ्या मालाच्या लाकडी खोक्यांना जगभर हाच नियम लावतात. जाड खांब-तुळयांत ऊन एवढे खोल पोचत नाही. तेथे रंग खरवडून बोरिक आम्ल व सवागी यांचे पाणी दोन-तीनदा चोपडावे आणि भोकांत पिचकारीने सोडावे.

धान्यात ठेवावयाच्या ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या खाटेत किंवा कपाटात ठेवण्याचा प्रकार काही ठिकाणी होतो. त्यापासून निघणारा वायू प्राणघातक आहे आणि दार लावून निजलेल्या घरात तो सबंध कुटुंबाचा घात करू शकतो. ही गोळी कोणत्याही कारणाने राहत्या खोलीत आणू नये. जळके ऑईल चोपडणेही थांबवावे. ते लाकडात फारसे मुरत नाही, आग लवकर धरते, आणि काळ्या थराखाली काय चालले आहे ते दाभणाला कळेपर्यंत उशीर होतो.

नवे लाकूड घेताना

बाभूळ आपल्याकडे मुबलक. ती तोडल्यावर दोन-चार महिने पाण्यात बुडवून ठेवण्याची आपल्या वडीलधाऱ्यांची रीत शास्त्रशुद्ध आहे, कारण त्याने लाकडातील पिष्ट व रस निघून जातात आणि भुंगेऱ्याला अन्न उरत नाही. पाण्यातून काढून सावलीत, हवा खेळेल असे रचून वाळवावे. बांबूसाठी व आंब्यासारख्या लवकर बिघडणाऱ्या लाकडाच्या फळ्यांसाठी १०० लिटर पाण्यात ३ किलो सवागी व २ किलो बोरिक आम्ल विरघळवून त्यात सात ते दहा दिवस बुडवावे. हे मीठ पावसाने धुऊन जाते, म्हणून ते छपराखालच्या लाकडालाच उपयोगी. गोठ्याच्या जमिनीत रोवावयाच्या खांबांना त्याचा उपयोग नाही. त्यांचे टोक जाळून काळे करण्याचाही विशेष लाभ होत नाही, कारण जळलेल्या थराला चिरा पडून ओल आत शिरते. जमिनीतील लाकडासाठी देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत सोंटी कामेसन यांनी १९३३ मध्ये तांबे, क्रोम व सोमल यांचे मिश्रण शोधून काढले, आणि ते जगभर वापरले गेले. सोमलाच्या भीतीने अमेरिकेत २००३ अखेर घरगुती लाकडासाठी ते सोडून देण्यात आले. तसले हिरवट जुने खांब मिळाल्यास ते चुलीत कधीही जाळू नयेत. गोठ्याला खांब हवा असेल तर दगडी उथळ्यावर किंवा काँक्रीटच्या ठोकळ्यावर, जमिनीपासून वीतभर उंच बसवावा.

दुरुस्ती झालेल्या प्रत्येक खांबावर व तुळईवर तारीख खडूऐवजी कोळशाने किंवा रंगाने लिहून ठेवावी, आणि दिवाळीच्या पाहणीत त्याच जागी पुन्हा दाभण लावून पाहावे. टेकू काढण्याची घाई करू नये. माळवदाने एक पावसाळा पाहिल्यानंतरच तो काढावा.